खिशातला उजेड

जवळचे पाहण्याच्या चष्म्याला आपण मराठीत 'चाळशी' म्हणतो. चाळिशी आली की तो लागतो, म्हणून वस्तूलाच वयाचे नाव पडले. चाळशी लागणे ही बीमारी नाही. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होते, जवळचे पाहण्यासाठी लागणारा फुगीरपणा त्याला घेता येत नाही आणि पेपर हात लांब करून वाचावा लागतो. यावरचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. साठीनंतर मात्र डोळ्यांत आणखी एक बदल होतो. त्याला असे सोपे नाव नाही, आणि बहुधा म्हणूनच घरात त्याविषयी कोणी बोलत नाही.

अब्बांनी चष्म्याचा नंबर नुकताच तपासून आणलेला असतो, तरी मगरिबनंतरची तिलावत बंद पडते. फजरला रोज मशिदीत जाणारे दादा घरीच नमाज पढू लागतात. विचारले तर गुडघ्याचे कारण सांगतात. दादी तांदूळ निवडायचे काम सुनेकडे देते. अम्मी काट्याच्या भीतीने मासा बाजूला सारून नुसते कालवण-भात खाते. कोणी तक्रार करत नाही, एकेक काम मात्र हातातून सुटत जाते. घरातल्यांना वाटते, वय झाले. खरे तर यातल्या कितीतरी कामांसाठी फक्त जास्त उजेड हवा असतो, आणि तो खिशात मावतो.

उजेड कमी का पडतो?

डोळ्याच्या मध्यभागी जी काळी बाहुली दिसते, ती उजेड आत येण्याची खिडकी आहे. अंधारात ती मोठी होते, उन्हात लहान. वय वाढते तशी ही खिडकी पुरेशी उघडेनाशी होते. त्यात आतले भिंग पिवळसर आणि धूसर होत जाते. या दोन्हींमुळे साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या तरुणाच्या साधारण एक तृतीयांश असतो. नातवाला लख्ख वाटणारी खोली आजोबांना संध्याकाळसारखी दिसते ती यामुळे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

आणखी दोन फरक पडतात. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि रंगांतले बारीक भेद पुसट होतात. काळा आणि गडद निळा मोजा एकसारखा दिसतो. राखाडी पायरीची कड राखाडी फरशीत मिसळून जाते.

बसऱ्यात इसवी सन ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात दृष्टीचा अभ्यास मांडला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, असे त्यापूर्वीचे अनेक विद्वान मानत. इब्न अल-हैसम यांनी दाखवून दिले की, प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो तेव्हा आपल्याला दिसते. यातली व्यवहाराची गोष्ट एवढीच की, उजेड डोळ्यावर नव्हे, वस्तूवर पडला पाहिजे. छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड आपल्याच डोक्याची सावली पुस्तकावर पाडतो. हातातली लहान बॅटरी तोच उजेड नेमक्या ओळीवर नेते. दिवा निम्म्या अंतरावर आणला, तर वस्तूवर पडणारा उजेड जवळजवळ चौपट होतो. म्हणून मोठ्या दिव्यापेक्षा जवळचा दिवा कामाचा.

बॅटरी कशी घ्यावी?

टॉर्चला आपल्याकडे अजून 'बॅटरी' म्हणतात. पूर्वीच्या तीन सेलच्या लांब बॅटरीऐवजी आता बोटाएवढी एलईडी बॅटरी मिळते. ती घेताना झगमगाट पाहू नका. ज्यांना वापरायची त्यांनाच दुकानात न्या आणि या गोष्टी पाहा.

बटण त्यांच्या अंगठ्याने, न पाहता, सहज दाबता आले पाहिजे. पहिल्या दाबाला मंद उजेड लागणारी बॅटरी चांगली. चकचकीत कागदावर आणि औषधाच्या पाकिटावर प्रखर झोत टाकला तर तो उलटून डोळ्यात येतो आणि अक्षर दिसायचे तेवढेही दिसत नाही. उजेडाचा डाग मऊ आणि पसरट असावा, मध्ये टोकदार ठिपका नको. लुकलुकणारे, आळीपाळीने बदलणारे प्रकार जितके कमी, तितके बरे. सेल रिमोटला लागतो तसा बारीक असेल तर गावच्या दुकानातही मिळतो. चार्जिंगची असेल तर आठवड्याचा एक वार ठरवून टाका. जुम्मा लक्षात राहायला सोपा. साधे सेल बॅटरीत महिनोन् महिने पडून राहिले तर त्यांतून द्रव पाझरतो आणि बॅटरी निकामी होते. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नये.

'मोबाईलला बॅटरी असतेच की,' असे कोणी म्हणेल. असते, आणि अडीनडीला उपयोगीही पडते. पण कुलूप उघडताना एका हातात किल्ली, दुसऱ्यात काठी असते. मशिदीत मोबाईल बंद असतो. आणि ज्यांना अक्षर दिसत नाही त्यांनाच पडद्यावरचे चिन्ह शोधायला लावणे हे उलटेच झाले.

ठेवायची कुठे?

कपाटातली बॅटरी असून नसल्यासारखी. ती अंगावर हवी. सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली तर रुकूत वाकताच पेन, चष्मा, बॅटरी सगळे चटईवर येते. म्हणून कुर्त्याचा बाजूचा खिसा बरा. त्याला आतून एक लहान कप्पा शिवून घेतला तर किल्ल्यांत शोधाशोध होत नाही. बायकांच्या कपड्यांना बहुधा खिसाच नसतो. दादीच्या बटव्यात, किल्ल्यांच्या जुडग्यात किंवा कमिजला आतून शिवलेल्या खिशात ती राहू शकते. गळ्यात दोरीने अडकवायची असेल तर चुलीपाशी आणि मिक्सरपाशी दोरी आत खोचावी. ज्या खिशात एकदा ठेवली त्याच खिशात रोज ठेवावी.

बॅटरीच्या जोडीला दोनच वस्तू सांगतो. पहिली, खिशात मावणारे भिंग. दुप्पट-तिप्पट मोठे दाखवणारे पुरते. जितके जास्त मोठे करणारे भिंग, तितका त्यातून दिसणारा भाग लहान. दहापट लिहिलेले भिंग घेतले तर एका वेळी एखादेच अक्षर दिसते. भिंग डोळ्याजवळ धरून कागद जवळ आणला की जास्त मजकूर दिसतो. दुसरी वस्तू, सुईत दोरा ओवायची बारीक तारेची पट्टी; शिवणाच्या सामानाच्या दुकानात ती अगदी स्वस्तात मिळते. ओवताना सुईमागे पांढरा कागद धरावा, दोरा पांढरा असेल तर काळा कपडा.

घरात

सर्वांत महत्त्वाचे काम औषधांचे. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदतीची तारीख पुष्कळदा शाईशिवाय नुसती ठोकलेली असते. समोरून उजेड टाकला तर ती दिसत नाही. बॅटरी पाकिटाच्या बाजूला आडवी धरा. अक्षरांच्या सावल्या पडतात आणि तारीख वाचता येते. गोळ्या काढताना तारखेची बाजू शेवटपर्यंत राहू द्या. दोन सारख्या बाटल्यांपैकी एकीला रबरबँड लावा, म्हणजे हातालाही फरक कळतो. इन्सुलिनच्या पेनवरचा आकडा तर उजेडात आणि भिंगाखालीच पाहावा. तिथे अंदाज चालत नाही. बाटलीवरचे अक्षर भिंगातूनही लागत नसेल, तर मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून पाहणे हा चांगला उपाय आहे.

तिलावतीसाठी तेरा ओळींचा मुसहफ पंधरा-सोळा ओळींच्या मुसहफपेक्षा ठळक अक्षराचा असतो. बे, ते, से या अक्षरांतला फरक केवळ नुक्त्यांचा. जेर-जबर तर त्याहून बारीक. उजेड खांद्यामागून किंवा बाजूने पानावर यावा. मान वाकवण्यापेक्षा रेहल उंच चौरंगावर ठेवावी. अब्बांची तिलावत सुटली असेल तर आधी एवढे करून पाहा.

तांदळातला खडा, पालकातली अळी, पापलेटपेक्षा बारीक काट्यांचा मासा यांना ताटाजवळचा एक दिवा पुरतो. दादीच्या हातून काम काढून घेण्यापेक्षा तिच्या सुपाजवळ उजेड नेलेला बरा.

मशिदीच्या वाटेवर

थंडीत फजरची जमात अंधारातच उभी राहते. कोकणातल्या पाखाडीच्या पायऱ्या, पावसातले शेवाळ, बांधावरची वाट यांत बॅटरी पायापुढे दोन पावलांवर धरावी. मण्यार रात्री फिरते, फुरसे पाचोळ्यात ओळखू येत नाही. त्यामुळे ही सवय तरुणांनाही हवी. समोरून कोणी आले तर झोत खाली करावा. वयस्क डोळ्यावर झोत पडला तर त्याला काही क्षण काहीच दिसत नाही.

मशिदीच्या ट्रस्टींना एक विनंती. पायऱ्यांच्या कडांवर आणि वुजूखान्याच्या उंबऱ्यावर पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढून घ्या. चपला ठेवायच्या जागी एक दिवा लावा. खर्च थोडा आहे, आणि त्यामुळे एखादे बुजुर्ग पुन्हा जमातीला येऊ लागतील.

हजला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या सामानात ही बॅटरी जरूर टाका. ९ जिलहिजला सूर्यास्तानंतर अरफातहून निघून मुजदलिफात रात्र उघड्या आभाळाखाली काढायची असते. अनेक हाजी तिथेच रमीचे खडे वेचतात. १२ तारखेला निघणाऱ्यांना ४९, १३ पर्यंत थांबणाऱ्यांना ७०, तेही हरभऱ्याच्या दाण्याएवढे. त्या गर्दीत आपली चप्पल, सोबती आणि मनगटावरच्या पट्टीवरचा पत्ता शोधायलाही उजेड लागतो. बॅटरीचे सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक विमानात हातातल्या पिशवीत ठेवायचे असतात; कात्री मात्र त्या पिशवीत चालत नाही.

तीन खबरदाऱ्या

काही अगदी लहान बॅटऱ्यांत गोल, नाण्यासारखा सेल असतो. तो मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. घरात लहान मुले असतील तर स्क्रूने बंद होणारी बॅटरी घ्या. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलाला ताबडतोब इस्पितळात न्या. दुसरे, भिंग खिडकीत उन्हात ठेवू नका. त्याने कागद-कपडा पेटतो. तिसरे, चार्जिंगची बॅटरी रात्रभर उशाशी किंवा गादीवर लावून झोपू नका. रात्री झोपण्यापूर्वी दिवे विझवण्याची प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याला ठाऊक आहे, इथेही तीच खबरदारी आहे.

उजेड पुरेना तर

बॅटरी ही सोय आहे, इलाज नाही. गेल्या वर्षी पुरणारा उजेड यंदा पुरत नसेल, समोरच्या गाडीचे दिवे असह्य होत असतील, तर मोतीबिंदू असू शकतो. एक फसवे लक्षण सांगतो. वयस्क माणसाला अचानक चाळशीशिवाय वाचता येऊ लागले की घरात आनंद होतो. काही मोतीबिंदूंची सुरुवात अशीच होते, आणि हे सुख फार टिकत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे.

काचबिंदू मात्र आवाज न करता बाजूची नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. मधुमेह असेल तर दरवर्षी पडद्याची तपासणी हवीच. सरळ रेषा वाकडी दिसणे, एकाएकी काळे ठिपके किंवा चमका दिसणे, पडदा ओढल्यासारखे होणे, दुखून लाल झालेल्या डोळ्याला दिव्याभोवती रंगीत कडे दिसणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगेपर्यंत सुरमा घालू नका. रमजानमध्ये काचबिंदूचे थेंब बंद करू नका. हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत डोळ्यात थेंब घातल्याने रोजा तुटत नाही. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्या, पण औषध परस्पर सोडू नका.

द्यायची कशी?

शेवटची गोष्ट घरातल्या तरुणांसाठी. 'तुम्हाला दिसत नाही, हे घ्या,' असे म्हणून दिलेली बॅटरी कपाटातच जाते. दोन आणा, एक स्वतःच्या खिशात ठेवा, एक अब्बांना द्या. आणि बॅटरी दिली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असेही समजू नका.

हजरत अब्दुल्ला इब्न उम्मे मकतूम (रजि.) यांना दिसत नव्हते, तरी ते प्रेषितांचे (स.) मुअज्जिन होते. पहाट झाली की लोक त्यांना सांगत, आणि मग ते फजरची अजान देत. पहाट झाल्याचे सांगणे एवढेच लोकांचे काम होते. अजान द्यायचे काम त्यांच्याकडून कोणी काढून घेतले नाही. आपल्या घरातल्या बुजुर्गांनाही तेवढीच मदत हवी असते. दादीसाठी सुपाजवळ दिवा ठेवा आणि तांदूळ तिलाच निवडू द्या. अल्लाह आपल्या सर्वांच्या डोळ्यांतले नूर शाबूत ठेवो. आमीन.