तंबूतला सिनेमा : हळहळ कशाची, मागणी कशाची?

चैत्र लागला की महाराष्ट्रात गावोगाव जत्रा भरू लागतात आणि त्याच सुमारास एक हळहळही दरवर्षी न चुकता सुरू होते. 'पूर्वीची जत्रा राहिली नाही', 'तंबूतला सिनेमा गेला', 'काय ते दिवस होते', अशी भाषणे होतात, लेख येतात, मोबाईलवर निरोप फिरतात. बैलगाडीतून निघालेले कुटुंब, शेव-रेवड्या, पाळणे, मातीत अंथरलेले घोंगडे आणि पांढऱ्या पडद्यावर हलणारी चित्रे, असे ते चित्र असते. तंबूतला सिनेमा जवळजवळ संपला, यात वाद नाही. वाद वेगळाच आहे. जे गेले ते नेमके काय होते आणि कोणाचे होते, हा प्रश्न या हळहळीत कोणी विचारत नाही. तो विचारला पाहिजे, कारण आठवणीचेही राजकारण असते. आठवण काढणारा माणूस वेशीच्या कोणत्या बाजूला राहत होता, यावर त्या आठवणीचा रंग ठरतो.

आधी तो तंबू काय होता ते पाहू. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. पुढे फाळक्यांनी आपले चित्रपट बैलगाडीत यंत्र घालून गावोगाव नेले. म्हणजे मराठी मुलखात सिनेमा शहरात जन्मला तरी चालायला शिकला तो खेड्याच्या वाटेवर. नंतर ही फिरती टॉकीज मालमोटारीत बसली. दिवाळीनंतर सुरू होणारा तिचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडावर संपायचा. या जत्रेतून त्या जत्रेत मुक्काम हलायचा. जनरेटरचा धडधडाट, कर्ण्यावरून दिवसभर चाललेली जाहिरात, रीळ संपले की अंधारात उठणाऱ्या शिट्ट्या. 'सोंगाड्या' (१९७१), 'जय संतोषी माँ' (१९७५), 'माहेरची साडी' (१९९१) हे चित्रपट खेड्यातल्या माणसांनी असे जमिनीवर बसून पाहिले. १९९० च्या आसपास शाळेत असलेल्या माझ्या पिढीला हे सांगावे लागत नाही. 'माहेरची साडी' पाहायला आमच्या वस्तीतल्या बाया टोळीने गेल्या होत्या आणि पदराला डोळे पुसत परत आल्या होत्या.

आता मुद्द्याकडे येऊ. जत्रेत तंबू एकच नसे, दोन असत. एक तमाशाचा आणि दुसरा सिनेमाचा. या दोन तंबूंतला फरक आपण नीट लक्षात घेतला पाहिजे.

तमाशाच्या तंबूत आपली माणसे बोर्डावर होती. महार, मांग, कोल्हाटी समाजातील कलावंतांनी ही कला पिढ्यान्पिढ्या अंगावर वागवली. पठ्ठे बापूरावांच्या नावाबरोबर पवळाचे नाव घ्यावेच लागते. राष्ट्रपती पदक मिळवणाऱ्या विठाबाई नारायणगावकरांची अखेरची वर्षे हलाखीत गेली आणि २००२ साली त्या वारल्या, हेही विसरता येत नाही. त्या तंबूत आपण नाचत होतो, गात होतो आणि गाव पाहत होता. रात्री टाळ्या आणि दौलतजादा, सकाळी पाण्यासाठी ओंजळ पुढे. जो गाव कलेला दाद देत होता तो कलावंताला माणूस मानत नव्हता. शिवाय तो तंबू कुटुंबाचा नव्हताच. घरच्या लेकीसुनांना तिकडे फिरकण्याची मुभा नव्हती.

सिनेमाच्या तंबूत मात्र उलटे घडले. तेथे आपला माणूस पहिल्यांदा तिकीट काढून प्रेक्षक झाला. बायको-पोरांना घेऊन आत गेला आणि जागा मिळेल तेथे बसला. दारावरचा माणूस बाहेरगावचा. त्याला गल्ल्यातल्या नाण्यांशी मतलब होता, नाणे देणाऱ्याच्या आडनावाशी नव्हता. वर्षभर ज्या गावात देऊळ वेगळे, पाणवठा वेगळा आणि मसणवटासुद्धा वेगळा, त्याच गावाच्या माळावर चार रात्री अशी एक जागा उभी राहत होती, जेथे प्रवेशाची अट जन्म नसून तिकीट होती. ही साधी गोष्ट नव्हे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर तिला अधिकच अर्थ आला. धम्मदीक्षा घेतलेल्या समाजाने गावकीची कामे नाकारली. १९५८ च्या कायद्याने वतनही गेले. जत्रेत वाजवणे, राबणे, पालखीपुढे दिवट्या धरणे आपल्या माणसांनी सोडले. त्याची किंमत बहिष्काराच्या रूपाने मोजावी लागली. देवाशी संबंध उरला नाही, वर्गणी द्यायची नाही, मग जत्रेच्या माळावर जायचे कशाला? अनेक वस्त्यांनी त्याचे उत्तर स्वतःच शोधले. देवळाकडे पाठ फिरवली आणि तंबूकडे तोंड केले. जत्रा देवाची असेल, पण तंबू तिकीट काढणाऱ्याचा होता.

हा हक्क कोणा टॉकीजवाल्याच्या मेहेरबानीने मिळाला, असे मात्र कोणी समजू नये. पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात रस्ते, विहिरी, तळी, शाळा, वाहने यांच्या जोडीने नाट्यगृहे आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागांचाही स्पष्ट उल्लेख होता. तेथे मज्जाव करणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा सुचवली होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी तीच तरतूद पुन्हा घातली. त्यामागे अमेरिकेत गुलामी संपल्यानंतर झालेल्या नागरी हक्क कायद्याचा आधार होता. ज्या समाजाला प्यायला पाणी मिळत नव्हते, त्याच्यासाठी नाटकगृहाचा हक्क मागणारा हा नेता किती दूरचे पाहत होता, याचा विचार करा. पाणी, अन्न आणि ज्ञान यांच्याइतकेच चारचौघांत बसून हसण्या-रडण्याचे स्वातंत्र्यही माणूसपणाचा भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते.

भारतीय संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे आली ती अशी. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, त्याला शिक्षेचे बळ दिले. त्या कायद्यातील व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. जेथे लोकांना प्रवेश दिला जातो आणि करमणूक केली जाते अशी कोणतीही जागा तिच्यात येते. दगडी इमारत हवी अशी अट नाही. चार बांबू आणि एक कनात पुरेशी आहे. २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यातही करमणुकीच्या जागी प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरला. जो तंबू काहींना नुसती गंमत वाटतो, तो कायद्याच्या नजरेत समतेची जागा होता.

याचा अर्थ तंबूत स्वर्ग होता असा नाही. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये दोर. गावातली दांडगी पोरे फुकट घुसत, नको तेथे बसत, वस्तीतल्या मुलींना त्रास देत आणि भांडण झाले की मार कोणाला बसायचा हे ठरलेले असे. पडद्यावरचा सिनेमाही आपला नव्हता. त्यात देव होते, नवस होते, सोशीक सुना होत्या, फक्त आपले जगणे नव्हते. ते पडद्यावर यायला फार उशीर झाला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मध्ये जत्रेत सारे नाचत असताना जब्याच्या डोक्यावर बत्ती येते. ज्यांना जत्रेची आठवण फक्त गोड वाटते, त्यांनी ते दृश्य पुन्हा पाहावे. कोणाच्या डोक्यावरच्या उजेडात कोण नाचत होते, हे त्यात दिसते.

मग तंबू गेला कशाने? आधी दूरदर्शन आले, मागोमाग व्हिडिओ आणि केबल आले. नंतर रिळे बंद होऊन सिनेमा डिजिटल झाला आणि जुनी यंत्रे भंगारात गेली. या शेवटच्या दिवसांचे चित्रण 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात आहे. कान महोत्सवात त्याचे कौतुक झाले. मग घराघरात मोबाईल आला. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे जत्राच भरल्या नाहीत. पण सगळा दोष यंत्रांच्या माथी मारून चालणार नाही. शासनाचे धोरणही पाहिले पाहिजे. २००१ साली राज्याने मल्टिप्लेक्सना करमणूक करात काही वर्षांची सूट दिली. शहरातल्या वातानुकूलित खुर्चीला सवलत मिळाली. माळावरच्या घोंगड्यावर बसणाऱ्याला काय मिळाले? १९५३ च्या सिनेमा नियमन कायद्याचा परवाना, त्यासाठीचे हेलपाटे आणि जागेचे भाडे.

तंबू गेल्यावर त्याच्या जागी काय आले? मल्टिप्लेक्स आले. तेथे जात विचारत नाहीत हे खरे, पण चार माणसांच्या कुटुंबाच्या तिकिटाला, प्रवासाला आणि खाण्याला शेतमजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी लागते. मोबाईल आला. तो स्वस्त आहे, पण तो माणसाला एकटा करतो. एकाच घरातली चार माणसे चार कोपऱ्यांत चार वेगळ्या गोष्टी पाहतात. आणि तिसरे आले ते विकतचे गाव. २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. शेतकऱ्याला जोडधंदा मिळत असेल तर त्याला आमचा विरोध नाही. पण शहराजवळ उभ्या राहणाऱ्या या नकली गावांत एकदा डोळे उघडे ठेवून फिरा. बैलगाडीची फेरी आहे, चुलीवरची भाकरी आहे, हुरडा आहे. वेस आहे, पण वेशीबाहेरची वस्ती नाही. विहीर आहे, पण तिच्यावरून हाकलला गेलेला माणूस नाही. अशा गावात फोटो काढून वाढणाऱ्या मुलाला बाबासाहेबांनी 'गाव सोडा, शहराकडे चला' असे का सांगितले, हे कधीच कळणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. गावगाड्यासाठी एक अश्रूही ढाळू नका. हळहळ करायचीच असेल तर सर्वांनी शेजारी बसण्याची एक जागा गेली, याची करा. आणि नुसती हळहळ करून थांबू नका, मागणी करा. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत ग्रंथालये, सांस्कृतिक कार्यक्रम आणि बाजार व जत्रा हे विषय पंचायतींकडे सोपवण्याजोगे म्हणून ओळीने नोंदवले आहेत. याचा अर्थ जत्रेचा माळ ही फक्त देवस्थान समितीची जहागीर नाही. त्या माळावर जात-धर्म न पाहता सर्वांना खुली करमणुकीची जागा राखून ठेवा, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. तो आपल्या तरुणांनी मांडावा. फिरत्या सिनेमाला हंगामासाठी एकाच अर्जावर परवाना मिळावा, अशी मागणी आपल्या आमदारांकडे करावी.

आणि शासनाची वाट पाहत बसू नये. पूर्वी मालमोटारभर लागणारे यंत्र आज पिशवीत मावते. विहाराच्या आणि समाजमंदिराच्या पांढऱ्या भिंती वर्षातले कितीतरी दिवस कोऱ्या असतात. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) वस्त्यांमध्ये जाऊन दाखवला गेला, तो लोकांनी पाहिला आणि त्यावर बोलले. हक्कधारकाची परवानगी आणि लागेल तो परवाना रीतसर घेऊन, महिन्यातून एकदा, बायाबापड्यांना आणि लेकरांना सोयीच्या वेळी चांगला चित्रपट दाखवा. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यातला थोडा इकडे वळला तरी वर्षभराची सोय होईल. फक्त एक पथ्य पाळा. बोलावणे वस्तीपुरते देऊ नका, सबंध गावाला द्या. जे येतील त्यांना शेजारी बसवा. मध्ये दोर बांधू नका.