समुपदेशकाचे दार इतक्या उशिरा का ठोठावले जाते?

विवाहसंस्कारापूर्वी तीन रविवारी वधूवरांची नावे वेदीवरून जाहीर केली जातात. विवाहपूर्व शिबिर होते, धर्मगुरू उभयतांशी बोलतात, दोन्ही घरची वडीलधारी मंडळी बैठका घेतात. संसार उभा राहताना एवढा गोतावळा सोबतीला असतो. तोच संसार डळमळू लागला की पतिपत्नी एकाकी पडतात. घरातील गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये या धाकापोटी वर्षानुवर्षे मूग गिळून बसलेली जोडपी समुपदेशकाकडे येतात ती पुष्कळदा वकिलाची भेट झाल्यानंतर.

ही तक्रार केवळ आपल्याकडची नव्हे. २०१४ व २०१५ साली रोम येथे कुटुंब या विषयावर महागुरुस्वामींच्या परिषदा भरल्या आणि त्यानंतर २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी 'आमोरिस लेतित्सिया' हे बोधपत्र प्रसिद्ध केले. संकटात सापडलेले बहुसंख्य लोक ख्रिस्तसभेकडे मदतीसाठी येतच नाहीत, कारण ती मदत त्यांना आपुलकीची किंवा वास्तवाला धरून वाटत नाही, अशी प्रांजळ नोंद त्यात आहे. ती आपण मनावर घ्यावयास हवी.

वसईपुरते पाहिले तरी एका पिढीत घराची घडी किती बदलली! वाडीतील एकत्र कुटुंबात भांडणे होतीच. परंतु मध्ये पडणारी आजी, आत्या वा काकाही होते. आता दोन खोल्यांच्या सदनिकेत दोघेच असतात. दोघेही पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री थकून परततात. कुणाचा पती आखातात, कुणाचा जहाजावर. काही घरांत जमीन विकून आलेल्या पैशांनी भाऊ-बहिणींत भिंत उभी केली आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती कुटुंबातील मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. तरीही तो मागणारी बहीण माहेराला पारखी होते. कौटुंबिक समुपदेशन म्हणजे केवळ नवरा-बायकोचे भांडण मिटविणे नव्हे, ते यासाठी.

समुपदेशन म्हणजे उपदेश, असाही गैरसमज आहे. बैठकीतील ज्येष्ठांना संध्याकाळपर्यंत तडजोड हवी असते; समुपदेशकाला घाई नसते. तो प्रत्येकाचे स्वतंत्रपणे ऐकून घेतो, मग दोघांना समोरासमोर बसवितो, निवाडा करीत नाही आणि ऐकलेले बाहेर बोलत नाही. प्रायश्चित्त संस्काराची जागाही ते घेत नाही. तिथे माणूस स्वतःची पापे सांगतो. इथे आरंभ बहुधा दुसऱ्याच्या पापांनीच होतो! दोन-चार भेटींनंतर 'माझेही चुकले असेल' हे वाक्य उमटले, तर कामाला खरी सुरुवात झाली असे समजावे. जिथे दारूचे व्यसन वा मनोविकार आहे, तिथे केवळ बोलून भागत नाही. तिथे वैद्यकीय उपचार हवेत. व्यसनी व्यक्तीसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, तर तिच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन या संघटना उपयोगी पडतात.

एका बाबतीत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. मार खाणाऱ्या स्त्रीला 'सहन कर, हाच तुझा क्रूस' असे सांगणे हे समुपदेशन नव्हे. वैवाहिक जोडीदारापासून शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असल्यास विभक्त राहण्यास रास्त कारण आहे, असे ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेतील कलम ११५३ सांगते. दुर्बल जोडीदाराला वा लहान मुलांना वाचविण्यासाठी प्रसंगी असे वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे पोप फ्रान्सिस यांनी उपरोक्त बोधपत्रात म्हटले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदाही तिच्या पाठीशी आहे. आधी सुरक्षितता, मग समेटाची भाषा. हा क्रम उलटा झाला तर समेटाच्या नावाखाली आपण तिला पुन्हा त्याच घरात लोटतो.

प्रकरण न्यायालयात गेल्यावरही समुपदेशन टळत नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावरच टाकली आहे. पण तोवर आरोप कागदावर उतरलेले असतात, आणि लिहिलेला शब्द मागे घेणे बोललेल्यापेक्षा कठीण असते.

म्हणून धर्मग्रामातच काही साध्या गोष्टी व्हायला हव्यात. समुपदेशनाची खोली चर्चच्या कार्यालयालगत नसावी. कोण आत गेले ते साऱ्या गावाला दिसते. शक्य असेल तिथे समुपदेशक शेजारच्या धर्मग्रामातील असावा. आणि वेळ सकाळी दहा ते एक अशी नको. त्या वेळी नवरा-बायको दोघेही चर्चगेटला असतात.