सातवाहनांचा अस्त : पराभवाने नव्हे, विघटनाने

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात एके काळी सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्या नष्ट झाल्या आहेत. पायांचे काही अवशेष आणि वर कोरलेली सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावे, एवढेच काय ते उरले आहे. ज्या राजकुलाने दक्षिणापथावर अधिराज्य गाजवले, त्याची स्मृती अशी नावापुरती उरावी, हे दुर्दैव खरेच. पण हे राजकुल कशाच्या बळावर उभे राहिले आणि कशामुळे लयाला गेले, याचा विचारही समाजाने सोडून द्यावा, हे त्याहून मोठे दुर्दैव होय.

मौर्य साम्राज्य अस्तंगत झाल्यानंतर दख्खनमध्ये ही सत्ता उदयास आली. गोदातीरीचे प्रतिष्ठान, म्हणजेच आजचे पैठण, ही तिची राजधानी. आणि घाटमार्ग हा तिचा प्राण. वर प्रतिष्ठान, तेर यांसारख्या बाजारपेठा, खाली कल्याण, सोपारा यांसारखी बंदरे. घाट ज्याच्या हाती, दख्खनची समृद्धी त्याच्या हाती. नाणेघाटातील लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि हजारो गायी व कार्षापणांच्या दक्षिणेची नोंद आहे. हे वैभव त्याच वाटेवर कोरले जावे, यात मोठे औचित्य आहे.

पुढे शक क्षत्रप नहपानाने नाशिक, जुन्नर, कार्ले हा सारा प्रदेश जिंकला आणि सातवाहनांचे कंबरडेच मोडले. या संकटातून कुळाला वर काढले ते गौतमीपुत्र सातकर्णीने. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा उमटवली होती. त्या विजयाचा याहून बोलका पुरावा नसेल.

परंतु केवळ तलवारीच्या यशावर भाळून जाणारा गौतमीपुत्राचे अर्धेच मोठेपण जाणतो. त्याने नाशिकच्या लेण्यांतील बौद्ध भिक्षूंना शेतजमीन दिली होती. ते गाव ओसाड पडले, शेत पडीक राहिले. तेव्हा राज्यकारभाराच्या २४ व्या वर्षी त्याने नगराच्या सीमेवरील राजकीय मालकीची १०० निवर्तने जमीन त्याऐवजी देण्याची आज्ञा केली, आणि या आज्ञेत राजमाताही सहभागी होती. दिलेले दान कागदोपत्री न राहता फळावे, याची चिंता वाहणारा हा राजा! त्याची माता गौतमी बलश्री हिने पुत्राच्या पश्चात कोरविलेल्या प्रशस्तीत त्याच्या पराक्रमाबरोबरच तो धर्मानुसार कर घेत असे आणि पौरजनांच्या सुखदुःखाशी समरस होत असे, याचाही गौरव आहे. वैदिक यज्ञांचा अभिमान बाळगणाऱ्या या कुळाने भिक्षुसंघालाही उदार आश्रय दिला, हे विसरता येणार नाही.

मग अशा सत्तेचा अस्त का झाला? रणांगणातील पराभव हे त्याचे पुरेसे उत्तर नव्हे. रुद्रदामनाच्या इ. स. १५० च्या सुमाराच्या जुनागड लेखात दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा जिंकल्याचा आणि निकटच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद न केल्याचा उल्लेख आहे. तरीही राज्य बुडाले नाही. यज्ञश्री सातकर्णीने पुन्हा उभारी धरली. त्याचे लेख नाशिक, कान्हेरीपासून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत आढळतात आणि त्याच्या नाण्यांवर जहाजे दिसतात.

राज्य संपले ते आतून. महारथी, महाभोज, महासेनापती यांच्या हाती प्रांतांचा कारभार होता. केंद्र समर्थ होते तोवर ही व्यवस्था बळ देत राहिली. केंद्र दुबळे होताच तीच फुटीची वाट ठरली. रोमशी चालणारा सागरी व्यापार ओसरला, तसा राजकोशाचा आधारही खचला. इ. स. तिसऱ्या शतकात नाशिककडे आभीर, बनवासीला चुटू, कृष्णेच्या खोऱ्यात इक्ष्वाकू आणि विदर्भात वाकाटक अशा सत्ता उभ्या राहिल्या. ज्यांनी राज्य पेलायचे, त्यांनीच ते वाटून घेतले.

शकांच्या कालगणनेला लोकस्मृतीने पुढे शालिवाहनाचे नाव दिले आणि प्रत्येक गुढीपाडव्याला ते उच्चारले जाते. पण नुसत्या नामोच्चाराने पूर्वजांचे ऋण फिटत नाही. बाहेरचा घाव समाज सोसू शकतो, त्यातून सावरूही शकतो. परस्परांतील बंध सैल झाले की मात्र त्याला सावरणारा कोणी उरत नाही. नाणेघाटातील त्या मूर्तिहीन नावांचे सांगणे हेच आहे. त्यांच्यासमोर अभिमानाने उभे राहावे, आणि विचार करूनच परतावे.