खाड्याची किंमत

मराठीच्या प्राध्यापकाने रग्बीवर लिहायचे म्हणजे आमच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर चघळायला विषय झाला. इंग्रजीचे एक सहकारी म्हणाले, "अहो, अनुस्वार कुठे द्यावा हे तुम्हाला कळतं. चेंडू कुठे द्यावा हे कसं कळणार?" मी म्हटले, रग्बीचा चेंडू मुळात गोल नसतो, तो टप्पा घेऊन कुठे जाईल हे इंग्रजांनाही कळत नाही. तेव्हा त्या बाबतीत आपण सारखेच!

पण खरी गोष्ट अशी की, मी या विषयाकडे हौसेने वळलेलो नाही. मला तिकडे एका विद्यार्थ्याने ढकलले.

जुलै महिन्यात तो माझ्याकडे आला. मी कॉलेजच्या जिमखाना समितीवर आहे आणि हा मुलगा आमच्या कबड्डी संघाचा कणा. सकाळी कॉलेज, दुपारपासून रात्रीपर्यंत कुठल्याशा गोदामात पेट्या उचलण्याचे काम. दारात उभा राहून म्हणाला, "सर, स्पर्धेचे तीन दिवस कामावर गेलो नाही तर तीन दिवसांचे पैसे कापतात. तेवढे कॉलेज भरून देईल का?"

वाचकहो, त्या दिवशी मी जे भाषण केले, ते तुम्ही ऐकायला हवे होते! खेळ हा खेळासाठी असतो, पैशाचा स्पर्श झाला की त्याचे पावित्र्य जाते, वगैरे वगैरे. मुलगा शांतपणे ऐकत होता. शेवटी "बरं सर" म्हणाला आणि गेला. स्पर्धेला आला नाही. आमचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला.

रात्री जेवताना हे सगळे मी घरी सांगितले, आणि तेही थोड्या अभिमानानेच. आई भात वाढत होती. ती एवढेच म्हणाली, "फडताळावरचा तो कप बघ एकदा. त्यात चार खाडे आहेत."

तो कप माझ्या वडिलांचा. ते लालबागला गिरणीत साचेखात्यात होते आणि संध्याकाळी कबड्डी खेळत. बाहेरगावच्या सामन्यांसाठी त्यांनी एकदा सलग चार दिवस खाडा केला होता. कप घरी आला, त्याबरोबर कापलेला पगारही आला. "त्या महिन्यात तुझ्या ताईचं औषध उधारीवर आणलं होतं," आई म्हणाली. "ह्यांना हार घालायला सगळी चाळ आली होती. खाडा भरून द्यायला कोणी आलं नाही."

त्या रात्री झोप लागेना, म्हणून वाचत बसलो. खेळ आणि मजुरी यांचा झगडा शोधता शोधता शंभर-सव्वाशे वर्षे मागे आणि थेट इंग्लंडच्या उत्तर भागात जाऊन पोहोचलो.

रग्बी हा मूळचा बड्या शाळांतल्या मुलांचा खेळ. 1871 साली लंडनला त्याची संघटना निघाली ती त्याच मंडळींची. पण यॉर्कशायर आणि लँकेशायरमधल्या खाणकामगारांनी, गिरणीकामगारांनी हा खेळ उचलला आणि ते साहेबांना हरवू लागले. त्यांना तो खेळता आला याचे कारण साधे होते. 1850च्या कायद्यामुळे तिकडच्या कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला थांबू लागल्या. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांना मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी रविवारची सुटी मिळवायला 1890 साल उजाडावे लागले. सुटीवाचून कसला आला आहे खेळ?

पण अर्ध्या शनिवारने भागत नव्हते. सामना परगावी असला की सकाळीच निघायचे. म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. उत्तरेचे लोक म्हणाले, बुडालेली मजुरी तेवढी खेळाडूला भरून देऊ द्या. त्याला ते 'ब्रोकन टाइम' म्हणत. माझ्या आईच्या भाषेत खाडा! 1893 साली लंडनच्या सभेत हा ठराव आला आणि 136 विरुद्ध 282 मतांनी आपटला. साहेबांचे म्हणणे, खेळ हा खेळासाठी असतो. हे वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला.

29 ऑगस्ट 1895 रोजी उत्तरेच्या संघांची हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. पहिल्या हंगामात 22 संघ होते. खाड्याची भरपाई दिवसाला जास्तीत जास्त 6 शिलिंग. या वेगळ्या चुलीवर शिजलेला खेळ तो रग्बी लीग. पुढे त्यांनी नियमही बदलले. 1906 साली 15 खेळाडूंचे 13 केले.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे 1896-97च्या हंगामात, त्यांनी बाद पद्धतीची स्पर्धा सुरू केली. हरला तो घरी! साखळी स्पर्धेत मोठ्या गावाचा संघ शेवटी वर येतोच. बाद स्पर्धेत मात्र लहान गावालाही एखाद्या शनिवारी राजा होता येते. चॅलेंज कप नावाचा हा चषक ब्रॅडफर्डच्या फातोरिनी नावाच्या पेढीने 60 पौंडांत घडवला.

अंतिम सामना 24 एप्रिल 1897 रोजी, शनिवारी, लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर झाला. इकडे पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि रँडचे सोल्जर घरात शिरत होते. तिकडे 13,492 माणसे सामना बघायला जमली होती. एका बाजूला सेंट हेलेन्स, काचेच्या कारखान्यांचे आणि कोळशाचे गाव. त्यांच्या खेळाडूंच्या अंगात सदरेही एकसारखे नव्हते! दुसऱ्या बाजूला बॅटली. हे गाव चिंध्यांचे. जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, त्यांत नवी लोकर मिसळून पुन्हा कापड विणायचे, ही विद्या बॅटलीत 1813च्या सुमारास निघाली. त्या कापडाला 'शॉडी' म्हणत. (तोच धंदा आज आपल्या पानिपतात जोरात चालतो. मराठी माणसाला पानिपत म्हटले की दुसरेच आठवते, ते सोडा.)

चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे गुण 3. टप्पा घेताक्षणी लाथाडून दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून धाडला की तेव्हा 4 गुण. कर्णधार गुडॉलच्या बॅटलीने एक असा गोल आणि दोन ट्राय केले. त्यांतला एक ट्राय खुद्द गुडॉलचा. सेंट हेलेन्सच्या ट्रेनॉरने एक ट्राय केला. 10 विरुद्ध 3. चिंध्यांच्या गावाने पहिला चषक नेला!

बॅटलीने 1898 आणि 1901 सालीही चषक जिंकला. त्यानंतर कधीच नाही. सेंट हेलेन्सला पहिल्यांदा जिंकायला 1956 साल उजाडले. 1929पासून अंतिम सामना लंडनच्या वेम्ब्लीला जाऊ लागला, तोवर बॅटलीचे दिवस सरले होते. 2023 साली ते वेम्ब्लीवर उतरले ते दुसऱ्या एका स्पर्धेसाठी. तिचे नावच '1895 चषक'. तिथे हॅलिफॅक्सकडून ते 10 विरुद्ध 12 असे हरले.

आणि लंडनची ती पवित्र संघटना? जुन्या रग्बीने 1995च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी दिली. 6 शिलिंगांचा हिशेब पटायला बरोबर शंभर वर्षे लागली.

मला दोन महिने लागले. सप्टेंबरमध्ये मी जिमखाना समितीपुढे अर्ज ठेवला: सामन्यांमुळे ज्या विद्यार्थ्याची मजुरी बुडते त्याला ती भरून द्यावी. समितीने 'अशा खर्चाला शीर्षक नाही' असा शेरा मारून तो पुढच्या बैठकीवर ढकलला. मी त्या मुलाला गाठून हे सांगितले आणि जुलैतल्या भाषणाबद्दल माफी मागितली. तो संकोचला. म्हणाला, "असू दे, सर. पण माझं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मी कॉलेजात नसेन."

यावर मला काही बोलता आले नाही.

परवा दिवाळीची साफसफाई निघाली. वडिलांचा कप मी खाली उतरवला. वरचा मुलामा केव्हाच गेला आहे, आत नुसते पितळ. आईने चिंच कोळून दिली आणि मी घासत बसलो. ती बाजूला बसून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यांना विचारलं असतंस ना, तर म्हणाले असते, पाचवा खाडासुद्धा केला असता."

"आणि तू?" मी विचारले.

"मी औषध आणलं असतं," आई म्हणाली, "पुन्हा उधारीवर."