निमूट बसलेल्याला शाबासकी



दौंडच्या एका भगिनींचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातली साडेतीन पानं त्यांच्या कुत्र्याच्या तक्रारींनी भरली आहेत. राहायला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये. यजमानांची पाळीची ड्यूटी, म्हणजे रात्रभर गाडीवर आणि दिवसा झोप. घरात दीड वर्षाचा फॉक्स टेरियर, मुलाच्या हट्टापायी आणलेला. गाडीची शिट्टी झाली की हा भुंकतो, दूधवाला आला की भुंकतो, शेजारच्यांनी कुकर लावला तरी भुंकतो. तुळशीची कुंडी दोनदा उकरून झाली. यजमानांची झोपमोड होते आणि रात्री त्याच माणसाला गाडीवर डोळ्यांत तेल घालून जागायचं असतं. त्यांनी निर्वाणीचं सांगितलं आहे, "महिन्याभरात सुधारला नाही, तर कुणाच्या तरी मळ्यावर सोडून येईन." ते ऐकून मुलानं रात्रीचं ताट बाजूला सारलं. बाई विचारतात, "मारून पाहिलं, कोंडून पाहिलं, एक वेळ उपाशीही ठेवलं. आता काय करू?"

पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता एक वाक्य लिहिलं आहे : "दुपारी मी भांडी घासते तेव्हा मात्र तो मोरीच्या दाराशी निमूट पडलेला असतो." पुढे लगेच सही. बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. तो निमूट पडलेला असतो तेव्हा त्याला काय मिळतं? कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. आणि भुंकला की? तुम्ही हात पुसत बाहेर येता, मुलगा पुस्तक टाकून धावतो, यजमान अंथरुणातून ओरडतात. सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. कुत्र्यानं यातून काय शिकायचं?

हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. आमटीत मीठ जास्त पडलं की घरभर चर्चा होते. तीनशे दिवस बेताचं पडलेलं असतं, त्याचा हिशेब कोण ठेवतो? मी सकाळच्या वेळात शाळेत शिकवायला जाते. चाळीस मुलांच्या वर्गात गडबड करणाऱ्या चौघांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ होतात. खाली मान घालून गणित सोडवणाऱ्या मुलीचं नाव पालकसभा आली तरी आठवावं लागतं. चांगलं वागणं आवाज करीत नाही, म्हणून ते मुद्दाम बघावं लागतं.

आता थोडं या टेरियरच्या जातीविषयी. आपल्याकडे लहानसर पांढरा कुत्रा दिसला की त्याला सरसकट 'पामेरियन' म्हणतात, पण टेरियर निराळा. त्याच्या नावातच माती आहे. लॅटिनमधल्या 'टेरा' म्हणजे जमीन या शब्दावरून ते आलं. बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढायचं, उंदीर-घुशी मारायच्या, आणि बिळात अडकलोच तर भुंकून मालकाला ठिकाण कळवायचं, या कामासाठी इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या हे कुत्रे निवडून वाढवले. ग्रामोफोनच्या तबकडीवर कर्ण्यापुढे मान तिरपी करून बसलेला कुत्रा तुम्ही पाहिला असेल. त्याचं नाव निपर. १८८४ साली ब्रिस्टल शहरात जन्मलेला तो टेरियरच. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकारानं काढलेलं त्याचं चित्र १८९९ साली ग्रामोफोन कंपनीनं विकत घेतलं आणि 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्यांबरोबर निपर आपल्याकडे घरोघर येऊन बसला.

सांगायचा मुद्दा असा, की उकरणं आणि भुंकणं हा टेरियरचा वंशपरंपरागत व्यवसाय आहे. सात-आठ किलोचा जीव, पण अंगात दिवसभराची ऊर्जा. त्याला 'करू नकोस' एवढंच सांगून भागत नाही. मग काय कर, ते त्याला कळायला हवं. आणि कळण्याची त्याची वाट एकच : जे केल्यावर लाभ झाला, ते तो पुन्हा करतो. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९८ साली मांजरांना पेटीत ठेवून हेच पाहिलं होतं. सुरुवातीला मांजर पेटीत वाटेल तशी धडपड करायचं. चुकून खटका दाबला जाऊन दार उघडलं, बाहेरचा खाऊ मिळाला, की पुढच्या वेळी निरर्थक धडपड कमी व्हायची आणि खटका लवकर सापडायचा. आपल्या घरात ही पेटी आधीच मांडलेली आहे. कोणत्या खटक्याला दार उघडायचं, एवढं आपण ठरवायचं.

आमच्या शिरूरच्या घरी बंड्या नावाचा टेरियर आहे. पुरता अस्सल नाही, आईकडून गावठी. त्याच्यासाठी मी रोज सकाळी एका वाटीत तीस फुटाणे मोजून ठेवते. बिनमिठाचे, सालं काढलेले. संध्याकाळपर्यंत वाटी रिकामी व्हायला हवी, आणि एकही फुटाणा फुकट किंवा लाडापोटी द्यायचा नाही, असा नियम. बंड्यानं आपणहून काही चांगलं केलं की त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणायचं आणि एक फुटाणा द्यायचा. पोस्टमन आला आणि बंड्या दोनदाच भुंकून थांबला : शाब्बास. सासूबाई पूजेला बसल्या आणि हा उंबऱ्याबाहेर बसला : शाब्बास. धाकटीच्या हातातली पोळी खाली पडली आणि यानं तिच्याकडे पाहिलं, झडप घातली नाही : तिथे दोन फुटाणे. काहीच न करता ओसरीवर जांभई देत पडला, तरी शाब्बास. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "झोपण्याचंही बक्षीस?" अहो, ज्या घरात दिवसा कुणाला झोपायचं आहे, तिथे यापेक्षा मोलाचं वागणं कोणतं?

मौज अशी, की तीस फुटाणे संपवायचे म्हणजे कुत्र्याचे तीस गुण दिवसभरात शोधावे लागतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी वाटीत एकोणीस उरले होते. आठवड्यानंतर दुपारीच वाटी संपू लागली. सासूबाईंना कुत्रं घरात नकोच होतं. आता त्याच सर्वांत काटेकोर परीक्षक आहेत. "बस हो बाळ" म्हणतात, आणि बसल्याशिवाय फुटाणा सुटत नाही.

या पद्धतीत एका वागण्यावर मी सर्वांत जास्त फुटाणे खर्च करते, ते म्हणजे हाक मारल्यावर येणं. आमच्या तालुक्यात ते नुसतं शिस्तीचं काम नाही. घोडनदीच्या काठानं ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं सर्वांत मोठा, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे 'मळ्यावर सोडून येऊ' याचा अर्थ आपल्या भागात काय होऊ शकतो, ते यजमानांनाही शांतपणे सांगा. दोरीनं उघड्यावर बांधलेलं कुत्रं तर पळूही शकत नाही.

गेल्या भाद्रपदात आम्ही दिरांच्या मळ्यावर होतो. दिवस मावळायला आला होता. बांधावरून मुंगूस गेलं आणि बंड्या त्याच्यामागे सुटला. टेरियरनं मुंगूस सोडणं म्हणजे लहान मुलानं हातातली कुल्फी सोडणं. उसाच्या सरीत त्याचं डोकं दिसेनासं झालं. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी रोजच्याच आवाजात हाक दिली, "बंड्या, ये!" शेपूट तेवढी बाहेर दिसत होती, ती थांबली. मग तो वळला आणि धापा टाकत त्यांच्या पायाशी आला. त्यांच्याजवळ फुटाणे नव्हते. पदराआड ठेवलेली चतकोर भाकरी त्यांनी सगळी त्याला घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांनी त्याच सरीच्या चिखलात ताजे ठसे दाखवले. कुणाचे, ते विचारावं लागलं नाही.

तेव्हा एक गोष्ट गाठीला बांधा. हाक मारून जवळ आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नका, मग तो कितीही उशिरा आलेला असो. आंघोळ घालायची असेल, औषध पाजायचं असेल, तर आपण उठून त्याच्याजवळ जावं. हाकेचा शेवट नेहमी गोडच झाला पाहिजे.

आता दौंडच्या भगिनींसाठी नेमका उपाय. तुमच्याकडे गाड्यांना तोटा नाही, तेव्हा सरावालाही तोटा नाही. लांबची शिट्टी ऐकू आली, कुत्र्यानं कान टवकारले, पण तोंड अजून उघडलेलं नाही, हा तुमचा क्षण. लगेच 'शाब्बास', लगेच फुटाणा. पुढच्या शिट्टीला पुन्हा तेच. आठ-दहा दिवसांत शिट्टी झाली की तो तुमच्याकडे बघायला लागेल, कारण शिट्टी म्हणजे फुटाणा हे त्याच्या मनात बसेल. भुंकलाच तर ओरडू नका. आपलं ओरडणं त्याला साथ दिल्यासारखं वाटतं. त्याचं थांबणं टिपा. मध्ये श्वास घ्यायला दोन सेकंद थांबेल, तेवढ्याला शाबासकी द्या, मग चार सेकंदांना, मग दहा. सुरुवातीचे काही दिवस भुंकणं वाढल्यासारखंही वाटेल. विझताना ज्योत मोठी होते, तसं ते असतं. तिथे हार मानू नका. कुंडीसाठी अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा करून वाळू भरा, तीत भाकरीचा वाळका तुकडा पुरा, आणि तिथे उकरलं की कौतुक करा. तुळस वाचेल आणि त्याचा पिढीजात धंदाही चालू राहील. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास मुलाबरोबर भरपूर चालणं हवं. दमलेला टेरियर शहाणा असतो. यजमानांची झोपेची वेळ त्या फेरीनंतर लागेल असं पाहा.

एक मात्र बजावून सांगते. कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे : 'मला भीती वाटते, लांब व्हा.' मारून ती सूचना बंद केली, तर पुढे तो न गुरगुरता चावेल, आणि घरात मूल आहे. गुरगुरणं वारंवार होऊ लागलं, तर कुठे दुखतंखुपतं का, ते पशुवैद्यांना दाखवा.

कात्रण ठेवण्यासाठी थोडक्यात :

• शाबासकी चांगल्या वागण्याच्या त्याच क्षणी, फार तर एका-दोन सेकंदांत. उशिराची शाबासकी भलत्याच गोष्टीला लागते.

• शब्द एकच, घरातल्या सगळ्यांचा सारखा. एकानं 'शाब्बास', दुसऱ्यानं 'गुड बॉय' नको. शांत बसल्याचं कौतुक शांत आवाजातच करा, नाहीतर तो उठून नाचायला लागेल.

• खाऊ वाटाण्याएवढा. फुटाणे, गाजराचे तुकडे, उकडलेलं अंडं, वाळकी भाकरी. दिवसभरात जेवढा खाऊ दिला, तेवढं संध्याकाळचं जेवण कमी करा.

• कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट मुळीच नको. कुत्र्याला विषारी आहेत.

• सवय पक्की झाली की दर वेळी खाऊ नको, कधी खाऊ तर कधी डोक्यावरून हात. 'शाब्बास' मात्र कायम.

• संध्याकाळनंतर कुत्रा घरात घ्या. वर्षाच्या वर्षाला रेबीजची लस टोचा. कुठलाही कुत्रा चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा.

• फुटाण्यांचा डबा घट्ट झाकणाचा आणि उंच फळीवर ठेवा. टेरियर उडी चांगली मारतो, आणि डबा त्यानं स्वतः उघडला तर ती शाबासकी आपण दिलेली नसते.