‘वय झालं’ हा काही आजार नव्हे!

आमची राणी १२ वर्षांची झाली होती, तेव्हाची गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. सकाळी अंगण झाडायला गेले तर राणी कोपऱ्यात मलूल पडलेली, शेजारी पिवळी उलटी. दुपारपर्यंत जुलाबही सुरू झाले. घरात लगेच निदान झालं, “फराळ बाधला!” मुलांनी चकल्या-करंज्या चारल्याच होत्या. सासूबाई म्हणाल्या, “ताकभात घाल गं, बसेल पोट.” शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या, “आपलीच अर्धी गोळी द्या की, काय होतंय?” आणि ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता निकाल दिला, “अगं, वय झालंय तिचं.”

गोळी दिली नाही, एवढंच शहाणपण. बाकी दोन दिवस मीही ‘बसेल पोट’ म्हणतच काढले.

तिसऱ्या दिवशी ती उठेचना, तेव्हा रिक्षात घालून नांदेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, “पाणी जास्त पिते का? माजावर कधी आली होती? नसबंदी झालीय?” मी गप्पच झाले. पंधरा दिवसांपासून तिचं भांडं सारखं रिकामं होत होतं. मी ते भरत होते, पण का रिकामं होतंय, हा प्रश्न मला पडलाच नव्हता!

सोनोग्राफीत दिसलं, गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांत हा आजार होऊ शकतो. कधी अंगावरून पू जातो, कधी बाहेर काहीच दिसत नाही. उलट्या मात्र पोट बिघडल्यासारख्याच. त्याच दिवशी ऑपरेशन झालं, राणी वाचली. पण आणखी दोन दिवस मी ताकभातच घालत बसले असते तर?

आपल्या मराठवाड्यात कुत्र्यावर माया कमी आहे का? मुळीच नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्या नर्सीचे. माळेगावच्या खंडोबाजवळही कुत्रा असतोच. माझ्या माहेरी, लातूर जिल्ह्यात, जानवळ हे गाव कारवान आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. त्यांचा वेग बघायला माणसं थांबतात. पण तेच कुत्रं म्हातारं झालं, अंगणात घाण करू लागलं, की आपण एकतर लाडाने वाट्टेल ते चारतो, नाहीतर त्याच्यावरची नजरच काढून घेतो. राणीच्या आजारपणात एकाने मला “द्या की गावाबाहेर सोडून” असंही सुचवलं. पाळलेल्या जनावराला असं उपाशी-तहानलेलं मरायला सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे किती जणांना माहीत असतं?

मैत्रिणींनो, अनुभवातून आणि डॉक्टरांकडून शिकलेलं थोडं सांगते. म्हाताऱ्या कुत्र्याला तूप, तळण, मटणाची चरबी देऊ नका, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट तर नकोच. दूधही पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही. पोट बिघडलंच, तर पाणी थोडं थोडं, पण वारंवार ठेवा. मऊ भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन, मीठ-मिरची-तेल न घालता, दोन-चार घास द्या. माणसांच्या वेदनेच्या गोळ्या अजिबात नकोत. त्यांनी जठरात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही, शौचात रक्त आहे किंवा ती काळी होतेय, हिरड्या कोरड्या वा पांढुरक्या दिसतात, पोट फुगलंय, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तरणं कुत्रं एखादा दिवस निभावून नेतं, म्हाताऱ्याच्या अंगातलं पाणी लवकर आटतं. शिवाय पोटाच्या तक्रारीआड मूत्रपिंडाचं, यकृताचं दुखणं लपलेलं असू शकतं. उदगीरला आणि परभणीला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. खर्च होतो, हे खरंच. पण वेळेवर गेलं तर तो कमी होतो.

राणी त्यानंतर दीड वर्ष आमच्या अंगणात ऊन खात बसली. गेली ती शांतपणे.

वस्तीत बायकांशी बोलताना मला हल्ली तिची फार आठवण येते. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, चक्कर येतेय... विचारलं की उत्तर एकच, “आता वय झालं ताई, चालायचंच.” परवा सासूबाईही तेच म्हणाल्या. मी हातातलं काम ठेवलं आणि विचारलं, “आई, हल्ली पाणी किती पिताय तुम्ही?”

त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी तपासणीला आल्या.