उद्याचे धनुष्य

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या मावशीने ब्याऐंशी वर्षे ओलांडली आहेत. खुब्याचे हाड मोडल्यापासून सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तिचे सारे जग मावते आणि त्या जगाला एकच खिडकी आहे, ती म्हणजे दूरचित्रवाणीचा संच. एका मालिकेची झलक, ज्याला हल्ली ‘प्रोमो’ म्हणतात, ती तिने आठवडाभर पाहिली. सोशिक नायिका भर मांडवात कारस्थानी जावेच्या थोबाडीत मारते! रविवारी ‘महाएपिसोड’. मावशीने औषध लवकर घेतले, शेजारच्या काकूंना बोलावले, चिवडा काढायला लावला. तासभर रडे आणि जाहिराती झाल्यावर ती थोबाडीत एकदाची बसली आणि दुसऱ्याच क्षणी नायिका अंथरुणात दचकून उठली. स्वप्न!

मावशी चिडली नाही. “दिवा मालव रे,” एवढेच म्हणाली. तेच मला झोंबले.

“फुकटची करमणूक, नको तर बंद करा,” असे सांगणारे शहाणे भेटतात. फुकट कुठली? महिन्याचे पैसे आम्ही मोजतोच. शिवाय वेळ देतो, आणि तोच वेळ वाहिन्या जाहिरातदारांना विकतात. मावशीपाशी तर वेळेखेरीज दुसरे धन उरलेले नाही.

कायद्याकडे जावे, तर तिथला अनुभव ऐका. औरंगाबादच्या एका शिक्षिकेने २०१६ साली ‘फॅन’ हा चित्रपट पाहिला. झलकीत गाजवलेले गाणे चित्रपटात नव्हतेच! त्यांनी ग्राहक मंचात दाद मागितली. जिल्हा मंचाने फेटाळले. राज्य आयोगाने २०१७ साली दहा हजार रुपये भरपाई व पाच हजार रुपये खर्च देवविला. राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय उचलून धरला. परंतु २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. झलक म्हणजे करार नव्हे, वचनही नव्हे, आणि कलेच्या व्यवहारात निर्मात्याला मोकळीक हवी, असा त्याचा मथितार्थ. निकाल शिरसावंद्य! केबल वाहिन्यांच्या नियमांतही तासाला दहा मिनिटे व्यापारी जाहिराती आणि दोन मिनिटे स्वतःची टिमकी, अशी मर्यादा आहे. मिनिटे मोजायला घड्याळ आहे. सचोटी मोजायला काय आहे?

कुणी म्हणेल, रहस्य आधीच फोडायचे की काय? मुळीच नाही. आमच्या लहानपणी देवळातले कीर्तनकारबुवा रंगात आलेले आख्यान नेमके तोडत आणि म्हणत, “उद्या धनुष्यभंग!” रात्रभर आम्हांला झोप नसे. पण दुसऱ्या दिवशी धनुष्य मोडतच असे. ते जनकाच्या स्वप्नात मोडले, असे सांगण्याची बुवांची छाती नव्हती, कारण श्रोते समोर बसलेले असत आणि तबकात पैसा टाकायचा की नाही, ते त्यांच्या हाती असे. उत्कंठा वाढवणे ही कला. खोटी आशा लावणे ही लबाडी. मंडईतला टोमॅटोवाला सुद्धा वर चांगला माल मांडतो, पण तिथे पुणेकर खालचा उलटून पाहतो. उद्याचा भाग उलटून कसा पाहणार?

माझे मागणे लहान आहे. जे दाखवाल ते त्या दिवशी घडू द्या; स्वप्न असेल तर त्याची जाहिरात करू नका. आणि वाचकहो, ज्या मालिकेने एकदा फसवले, तिचा पुढचा ‘महा’ रविवार तिला देऊ नका. आपले तबक तेवढेच.

परवा पुन्हा नवी झलक लागली. मावशीने ती पुरती पाहिली आणि मला विचारले, “हे खरे होणार का रे, की पुन्हा झोपेत?”

ब्याऐंशी वर्षांच्या बाईला गोष्टीवर अविश्वास ठेवायला शिकवले, ही कमाई कुठल्या जमाखर्चात मांडणार?